ओपन सोर्स लायब्ररी सांभाळून वैतागलोय – बंद करू, की दुसऱ्याच्या हाती देऊ?

टिंबटिंब
मंडळी, थोडं रडगाणं आहे, पण शेवटी खरा प्रश्न आहे, तेव्हा वाचाच.

मी पायथनमधली एक छोटी लायब्ररी सांभाळतो. काम एवढंच की आकडा दिला की मराठीत अक्षरी रक्कम करून द्यायची. १,२५,३०० टाकले की 'एक लाख पंचवीस हजार तीनशे रुपये फक्त'. ओळखीतल्या एका दुकानाच्या बिलांसाठी लिहिली होती, सहज पायपीआयवर (पायथनची पॅकेजं जिथून सगळे उतरवतात) टाकली आणि विसरून गेलो. नंतर बऱ्याच बिलिंगवाल्यांनी ती आपापल्या सॉफ्टवेअरात घातली म्हणे. म्हणे, कारण कोण वापरतंय हे मला कळायचा एकच मार्ग आहे, काहीतरी बिघडलं की भांडायला येतात.

मार्चअखेर आला की इश्यूंचा, म्हणजे तक्रारींचा, पाऊस. 'अर्जंट, क्लायंटचं प्रॉडक्शन डाउन आहे, आजच फिक्स करा.' एका कंपनीच्या माणसाने तर थेट माझ्या फोनवर मेसेज टाकून विचारलं की ईटीए काय, म्हणजे कधी होणार? म्हटलं, सपोर्टचे पैसे देता का, तर ब्लू टिक आणि शांतता.

दुसरा ताप पीआरचा, म्हणजे लोक कोडात बदल करून पाठवतात त्याचा. एकाने 'एकोणऐंशी' सुधारून पाठवलं, बदल एका शब्दाचा. उघडून बघतो तर अख्खी फाइल लाल आणि अख्खी फाइल हिरवी, कारण विंडोजवर सेव्ह करताना सगळ्या ओळींचे शेवट बदलले. म्हटलं रीबेस करून दे, म्हणजे ताज्या कोडावर तुझा बदल नीट बसवून दे, तर त्याने 'मर्ज ब्रँच मेन'च्या कमिटांची (बदलांच्या नोंदींची) माळ लावली. मग तो पीआर बंद केला, नवीन उघडला, त्यातही तेच. मी रात्री साडेअकराला एका अनोळखी माणसाला गिट (कोडातल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) शिकवत बसतो आणि बायको विचारते ह्याचे किती मिळतात.

आता प्रश्न. गेले काही महिने एक जण फार चांगले पीआर पाठवतोय. नीट कमिट मेसेज, सोबत टेस्ट, शिवाय लोकांच्या इश्यूंना उत्तरं पण देतो. परवा त्याची मेल आली, मला मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) करा, रिलीज (नवी आवृत्ती) मी काढत जाईन. प्रोफाइलवर फोटो नाही, खरं नाव नाही. एरवी मी पेढे वाटले असते, पण ते एक्सझेड प्रकरण वाचल्यापासून हात थांबतोय. काय करावं? आर्काइव्ह करून, म्हणजे कायमचं कुलूप लावून, मोकळं व्हावं, त्याला द्यावं, की असंच रेटावं?

खवचट_खेकडा
आर्काइव्ह करा आणि झोपा. पुढच्या मार्चला बिलांवर 'रुपये एरर फक्त' छापून येईल.

कोकणी_कर्नल
हात थांबतोय ते बरोबरच आहे. ज्यांना एक्सझेड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो, म्हणजे पुढची चर्चा नीट होईल.

एक्सझेड ही फाइल दाबून छोटी करणारी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. वर्षानुवर्षं सांभाळणारा मुख्य माणूस एकच, लासे कॉलिन. २०२१ पासून 'जिया तान' नावाचं एक खातं तिथे पॅच (कोडातले बदल) पाठवायला लागलं. काम व्यवस्थित. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर दुसरी काही खाती उगवली आणि टोचायला लागली, पॅच किती दिवस पडलेत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्या खात्यांचा आगापिछा नंतर कुठेच सापडला नाही. कॉलिनने तिथेच उघड लिहिलं होतं की मानसिक आरोग्याचा त्रास बराच काळ चालू आहे आणि हा बिनपगारी छंदाचा प्रोजेक्ट आहे हे लक्षात ठेवा. म्हणजे माणूस दमलाय हे सगळ्या जगाला दिसत होतं, आणि ज्याला त्याचा फायदा घ्यायचा होता त्यानेच ते नीट वाचलं. हळूहळू जिया तान मेंटेनर झाला आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ ह्या रिलीजमध्ये मागचं दार, म्हणजे चोरवाट, बसवलं.

पकडलं कोणी? पोस्टग्रेस ह्या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडने, २९ मार्च २०२४ ला. त्याच्या मशीनवर एसएसएचने (दुरून मशीनमध्ये शिरायची सोय) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून तो खोदत गेला. डेबियन आणि फेडोरा ह्या लिनक्सच्या प्रकारांपैकी डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत आणि फेडोराच्या बीटापर्यंत ते पोचलं होतं.

तेव्हा टिंबटिंब, चांगले पीआर येतात एवढ्यावरून माणूस चांगला ठरत नाही.

प्रथमेश_टीई_कॉम्प
एक बेसिक शंका. सगळं गिटमध्ये होतं ना? मग कोणालाच कसं दिसलं नाही? कमिट तर सगळ्यांना दिसतात.

कोकणी_कर्नल
@प्रथमेश, बेसिक नाही, हाच कळीचा प्रश्न आहे. अर्धं गिटमध्ये होतं आणि अर्धं नव्हतं. खरा विषारी माल टेस्टसाठीच्या दाबलेल्या बायनरी फाइलींमध्ये लपवला होता, त्या रेपोत (गिटमधल्या कोडाच्या साठ्यात) होत्या, पण बायनरी फाइलचा डिफ (आधी काय, आता काय) कोण वाचतो? आणि तो माल बाहेर काढून बिल्डमध्ये घुसवणारी स्क्रिप्ट फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायच्या गठ्ठ्यात) होती, रेपोत नव्हतीच. डिस्ट्रोवाले, म्हणजे लिनक्स बांधून देणारे, बहुतेक टारबॉल उचलतात. आणि टारबॉल बनवणारा कोण, तर मेंटेनर. म्हणजे तुम्ही गिटचा इतिहास डोळ्यांत तेल घालून वाचला असता तरी ती स्क्रिप्ट सापडली नसती.

म्हणून मर्ज करायचा हक्क (बदल कोडात घेणं) आणि पब्लिश करायचा हक्क (रिलीज बाहेर सोडणं) ह्या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत. लोक दोन्ही एका दोऱ्यात ओवून देतात.

मिरजकर_नाना
मला ह्या सगळ्यात एक कळत नाही. तुम्हाला सांगितलं कोणी होतं? एमआयटी लायसन्स लावलंय ना, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, जसं आहे तसं घ्या, कसलीही हमी नाही. मग फोन उचलायचा कशाला आणि बर्नआउट कसला. मी चाळीस माणसांचं वर्कशॉप चालवतो, मला पण लोक रात्री फोन करतात, मी उचलत नाही.

ठाण्याची_अनामिका
नाना, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी कधी झालेला नाही हे लगेच कळलं :)
उपविधीत काही का लिहिलेलं असेना, पाण्याचा टँकर आला नाही की बेल तुमचीच वाजते. मिटिंगला कोणी येत नाही, पद घ्यायला कोणी तयार नाही, आणि लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यावरचे काका 'आम्ही मेंटेनन्स भरतो' म्हणून ओरडतात. लायब्ररीच्या बाबतीत तर मेंटेनन्सही कोणी भरत नाही!

खवचट_खेकडा
आणि जो स्वतःहून म्हणतो 'मला सेक्रेटरी करा', त्याच्यावर सगळ्यांचा संशय. टिंबटिंबचा प्रश्न सुटला की.

मिरजकर_नाना
दोन वर्षं चेअरमन होतो. म्हणूनच फोन उचलत नाही.

बे_एरियातली_मावशी
कंपनीच्या बाजूने थोडं लिहिते, शिव्या खायची तयारी ठेवून.

कंपनीत कोणाला तुमच्याशी वाकडं नसतं हो. ज्या इंजिनियरने तुम्हाला 'अर्जंट' लिहिलं त्याच्या डोक्यावर त्याचा मॅनेजर बसलेला असतो, आणि त्या मॅनेजरला अशी कुठली लायब्ररी आत आहे हेच ठाऊक नसतं. पैसे द्यायचे म्हटले तर व्हेंडर रजिस्ट्रेशन, जीएसटी नंबर, तीन कोटेशन. पाच लाखांचं लायसन्स घेणं सोपं, पाच हजारांची देणगी देणं अशक्य, कारण देणगीला खातंच नाही. मी स्वतः आमच्या इथे प्रयत्न केलाय, लीगलमधून फाइल परत आली नाही ती नाहीच.

आणि हे आजचं नाही. २०१४ ला हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भगदाड सापडलं तेव्हा लोकांना कळलं की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएलला वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळत होती. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून पैसे गोळा करून फंड काढला. म्हणजे आधी आग, मग बंब.

आपल्याकडे झेरोधाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लॉस फंड काढलाय, वर्षाला दहा लाख डॉलर, जगातल्या कुठल्याही ओपन सोर्स प्रोजेक्टला अर्ज करता येतो. रेपोत फंडिंग डॉट जेसन अशी एक फाइल ठेवायची, त्यात किती आणि कशाला हवेत ते लिहायचं. टिंबटिंबच्या प्रोजेक्टला तो मोठा पडेल, पण ती फाइल ठेवून द्या. कोणी ईटीए मागितला की लिंक द्यायला बरी.

टिंबटिंब
मावशी, फाइल टाकतो. पण खरं सांगू, पैसे मिळाले तर अजून बांधला जाईन असं वाटतं. आत्ता निदान 'फुकट आहे' म्हणून मनात तरी म्हणता येतं.

पोफळी
मी बरीच वर्षं एका मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टचं मराठी भाषांतर केलं, त्यामुळे गिटच्या वैतागाबद्दल मलाही बोलायचा हक्क आहे. मी प्रोग्रामर नाही, मराठीची एमए.

भाषांतराच्या फाइली असतात पीओ. त्यात प्रत्येक वाक्याच्या वर ते मूळ कोडात कुठल्या फाइलीत कितव्या ओळीवर आहे ते लिहिलेलं असतं. डेव्हलपरने वर एक ओळ वाढवली की खालचे सगळे आकडे बदलतात. शिवाय डोक्यावर तारीख, ती प्रत्येकाच्या फाइलीत वेगळी. म्हणजे दोघींनी दोन वेगळी वाक्यं भाषांतरित केली तरी कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) ठरलेलाच, आणि तो कशावरून, तर कोणीही न वाचणाऱ्या आकड्यांवरून.

त्याहून मजा ही. एकदा कोणीतरी पन्नासेक वाक्यं 'सुधारून' पाठवली. वेबवर डिफ बघितला तर जुनी ओळ आणि नवी ओळ डिट्टो तीच. 'दुसऱ्या', 'दुसऱ्या'. मला वाटलं माझा चष्मा बदलायची वेळ आली. शेवटी कळलं की एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलंय आणि दुसरीत साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा कोड. दिसायला सारखंच, शोधायला गेलं की सापडत नाही. त्यावर दोन आठवडे वाद झाला, कोणतं ठेवायचं. वाद घालणारे दोघेही नंतर भाषांतर सोडून गेले, मग मीही सोडलं. आता त्या फाइलीत कोण आहे देव जाणे, बरीच वाक्यं इंग्रजीतच दिसतात.

टिंबटिंब
पोफळीताई, हे मी जगलोय! माझ्याकडे 'त्र्याण्णव'वर एक इश्यू आहे, त्यात जेवढ्या कॉमेंट आहेत तेवढा माझा कोड नाही. आणि दुसरा, शंभर कोटींना 'एक अब्ज' म्हणायचं की 'शंभर कोटी'.

मिरजकर_नाना
शंभर कोटी. अब्ज फक्त शाळेच्या पुस्तकात.

जुना_सीव्हीएस
अब्ज बरोबर आहे. सरकारी अहवालात येतं.

खवचट_खेकडा
ज्यांचं बिल शंभर कोटींचं होतं ते फुकटची लायब्ररी का वापरतायत ह्यावर कोणीतरी बोला.

प्रथमेश_टीई_कॉम्प
टिंबटिंब सर, तुम्ही ज्या पीआरबद्दल लिहिलंय तसे आम्ही पण पाठवतो म्हणून थोडं आमच्या बाजूने. आम्हाला गिट कोणी शिकवतच नाही. सिलॅबसमध्ये एक युनिट, व्हायव्हात विचारतात फेच आणि पुलमधला फरक सांगा, आणि प्रॅक्टिकलला झिप फाइल अपलोड करायची. मग प्लेसमेंटसाठी प्रोफाइल हिरवी (कामाच्या खुणांनी भरलेली) दिसली पाहिजे म्हणतात, सिनियर म्हणतात ओपन सोर्स कर, आम्ही यूट्यूब बघून करतो.

कोकणी_कर्नल
प्रथमेश, तुझा राग नाही पण त्या यूट्यूबनेच घोळ केलाय. २०२० च्या हॅकटोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सची दरवर्षीची मोहीम) ठरावीक पीआर केले की टीशर्ट मिळायचा. एका लोकप्रिय चॅनेलने पीआर कसा करायचा हे दाखवताना रीडमी ह्या माहितीच्या फाइलीत 'अमेझिंग प्रोजेक्ट' असलं काहीतरी घालून दाखवलं, आणि मग जगभरच्या रेपोंवर तसल्या पीआरचा पूर आला. शेवटी आयोजकांनी नियम बदलला की ज्या रेपोने स्वतःहून भाग घेतलाय तिथलेच पीआर धरायचे. आणि काही वर्षांनी टीशर्टच बंद. २०२४ च्या सुरुवातीला परत तेच एक्सप्रेस ह्या वेब फ्रेमवर्कच्या रेपोवर. एका शिकवणीच्या व्हिडिओत उदाहरण म्हणून तो रेपो वापरला, आणि बघणारी पोरं रीडमीत आपापली नावं घालून पीआर पाठवायला लागली. बंद करणारे मेंटेनर दमले, आणि भारतीय नाव दिसलं की लोक आधीच कपाळाला हात लावायला लागले. त्याचा फटका नीट काम करणाऱ्या पोरांनाही बसतो.

प्रथमेश_टीई_कॉम्प
तेच म्हणतोय सर, आम्हालाच बसतो. माझा एक पीआर खरंच बग फिक्स होता, उघडल्या उघडल्या बंद केला. कारण पण नाही लिहिलं.

ठाण्याची_अनामिका
आता तर माणसांचे पीआर बरे वाटायला लागलेत. एआयने लिहिलेले सिक्युरिटी रिपोर्ट बघा. कर्ल ह्या डेटाची ने-आण करणाऱ्या टूलचा डॅनियल स्टेनबर्ग कित्येक महिने ओरडत होता की हे रिपोर्ट दिसायला झकास, भाषा सफाईदार, आणि आत काहीच नाही, नसलेल्या फंक्शनमधला बग सांगतात, पण खोटा आहे हे ठरवायला आमच्या माणसांचे तास जातात. शेवटी २०२६ च्या जानेवारीअखेर कर्लने बग शोधणाऱ्यांना पैसे द्यायची योजनाच बंद केली.

जुना_सीव्हीएस
सगळे भुताच्या गोष्टी सांगतायत म्हणून एक बरी गोष्ट सांगतो.

गिट जन्मलं एप्रिल २००५ मध्ये. लिनक्स कर्नलवाले बिटकीपर हे तसलंच एका कंपनीचं टूल फुकट वापरत होते, ती सोय काढून घेतली म्हणून लिनस टोरवाल्ड्सने काही आठवड्यांत स्वतःचं लिहिलं. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ते जुनिओ हमानोच्या हातात दिलं, तोपर्यंत तो मेलिंग लिस्टवर पॅच पाठवणारा एक जण होता. हमानो तेव्हापासून सांभाळतोय, वीस वर्षं झाली. म्हणजे ज्या गिटला आपण शिव्या देतोय ते स्वतःच दुसऱ्याच्या हाती देऊन टिकलेलं प्रोजेक्ट आहे. लिनसला विचारलं तर तो सांगतो की त्याला हमानोची पारख पटली होती. पारख करायला लिस्टवरचं जाहीर बोलणं होतं, कोड होता, वाद कसा घालतो ते दिसत होतं.

दुसरं टोक एसक्यूलाइट हा डेटाबेस. सोर्स उघडा, कोणीही वापरा, पण बाहेरचा पॅच घेतच नाहीत. गिटही वापरत नाहीत, स्वतःचं फॉसिल आहे. त्यांच्या साइटवर सरळ लिहिलंय तसं. कोणी त्यांना कमी लेखतं का? ओपन सोर्स म्हणजे दार उघडं ठेवून पाहुण्यांना जेवायला वाढायचं असं कुठेच लिहिलेलं नाही.

आणि इव्हेंट-स्ट्रीम ह्या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीची आठवण पण ठेवा, २०१८. मूळ लेखक ती स्वतः वापरत नव्हता, एकाने मेल करून मागितली, त्याने दिली. त्या नव्याने आत एक पॅकेज घुसवलं जे एका बिटकॉइन वॉलेटमधून किल्ल्या चोरायचं. त्या लेखकावर लोक तुटून पडले. मला ते अजिबात पटलं नव्हतं. फुकट वापरणाऱ्या लाखो जणांपैकी एकानेही मदत देऊ केली नाही, जो आला त्याला त्याने दिलं.

मिरजकर_नाना
आता कुठे मुद्द्यावर आलात. मग टिंबटिंबने काय करायचं ते सांगा ना, चार तास झाले वाचतोय.

कोकणी_कर्नल
माझ्या मते तीन पर्यायच चुकीचे मांडलेत. लिनक्स कर्नलमध्ये मेंटेनर्स नावाची फाइल असते, त्यात प्रत्येक भागापुढे त्याची अवस्था लिहिलेली असते. 'सपोर्टेड' म्हणजे कोणीतरी पगार घेऊन बघतंय. 'मेंटेन्ड' म्हणजे कोणीतरी बघतंय. 'ऑड फिक्सेस' म्हणजे मालक आहे पण वेळ मिळेल तेव्हा किरकोळ डागडुजी. 'ऑर्फन' म्हणजे वाली नाही. रीडमीच्या पहिल्याच ओळीत 'ऑड फिक्सेस' टाका. मराठीत लिहा हवं तर, वेळ मिळाला की बघेन, तारीख विचारू नका. बर्नआउट कामाने कमी येतो, न बोलता दिलेल्या वचनाने जास्त येतो असं मला वाटतं.

त्या माणसाला मर्जचा हक्क द्या, पण मेनला (मुख्य शाखेला) संरक्षण लावून, म्हणजे तुमच्या मंजुरीशिवाय जाणार नाही आणि फोर्स पुश (जुना इतिहास पुसून वर लिहिणं) कोणालाच नाही, तुम्हाला पण नाही. पब्लिश तुमच्याकडेच. त्यातही हाताने अपलोड बंद करा, पायपीआयला २०२३ पासून ट्रस्टेड पब्लिशिंग आहे, ते असं बसवा की तुम्ही टॅग (आवृत्तीची खूण) लावला की रेपोतल्या कोडवरूनच पॅकेज बनून जाईल, मग एक्सझेडसारखी रेपोबाहेरची फाइल हळूच घालायला जागा फारशी राहत नाही. आणि तुमच्या लायब्ररीत बायनरी फाइलचं कामच नाही, आली की नाही म्हणा.

पोफळी
आणि फोन नंबर काढा हो प्रोफाइलवरून.

टिंबटिंब
नंबर कालच काढला.

त्याला मेल केली होती. लिहिलं की मर्जचा हक्क देतो, पब्लिश नाही, राग मानू नकोस, आणि एकदा व्हिडिओ कॉलवर बोलू. उत्तर आलं. म्हणतो पब्लिश नकोच आहे, फक्त रिलीज वेळेवर निघावं, कारण तो ज्या पतसंस्थेत काम करतो तिथे पावत्या ह्यावर छापतात. कॉलला मात्र नको म्हणाला, बोलायला संकोच वाटतो म्हणून.

खवचट_खेकडा
जिया तान पण असाच गोड बोलायचा.

ठाण्याची_अनामिका
संकोच वाटणारी माणसंच तर असली कामं करतात खेकडासाहेब. मी दहा वर्षं ज्यांच्यासोबत काम करतेय त्यातल्या निम्म्यांचा आवाज ऐकलेला नाही.

टिंबटिंब
मला दोन्ही पटतंय. तूर्त मर्ज दिलंय, संरक्षण लावलंय, ऑड फिक्सेस लिहिलंय. सहा महिन्यांनी बघू. कोणीतरी व्यनितून सुचवलं की ओळींच्या शेवटाचा घोळ कायमचा मिटवायला गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल टाक आणि सगळं रीनॉर्मलाइज करून, म्हणजे सगळ्या ओळींचे शेवट सारखे करून, एक कमिट कर. केलं. आता उघड्या असलेल्या सगळ्या पीआरना कॉन्फ्लिक्ट आलेत.

खवचट_खेकडा
अभिनंदन. 'कॉन्फ्लिक्ट एकवीस फक्त'.

जुना_सीव्हीएस
घाबरू नका, त्यांना परत पाठवायला सांगू नका. तुमच्याकडेच मर्ज करा आणि मर्जला एक्स-रीनॉर्मलाइज हा पर्याय द्या, नुसत्या शेवटांमुळे आलेले कॉन्फ्लिक्ट आपोआप जातात. जे उरतील ते खरे, बहुतेक 'त्र्याण्णव'वाले असतील.